घरी बनवलेल्या विमानांना चारचौघांत येऊ द्या

१९८९च्या पावसाळ्यातली रात्रपाळी. मी तेवीस वर्षांचा, मुंबईतल्या एका हँगरमध्ये नवा टेक्निशियन. एका छोट्या प्रोपेलरच्या विमानाचा एलेव्हेटर आम्ही उतरवून पुन्हा बसवला होता. शेपटीवरची ही फळी विमानाचं नाक वर-खाली करते. बोल्ट घातला, कॅसल नट आवळला. नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून स्प्लिट पिन घालून तिची टोकं वळवायची असतात. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली. परत आलो तो पुढच्या कामाला लागलो, आणि काम संपल्यावर कार्डावर सही केली.

पहाटे साडेचारला आमचे सीनियर इंजिनियर शिडीवर चढले. बॅटरीच्या उजेडात त्यांनी सगळे सांधे पाहिले. मग बॅटरी खिशात टाकली आणि प्रत्येक बोल्टच्या टोकावरून बोट फिरवत गेले. चौथ्या बोल्टवर बोट थांबलं. त्यांनी मला वर बोलावलं, माझं बोट धरून त्या रिकाम्या भोकावर ठेवलं आणि काही न बोलता खाली उतरले.

याला आमच्या धंद्यात डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. विमानाच्या कंट्रोलला हात लागला की काम करणाऱ्याशिवाय दुसऱ्या माणसाने ते स्वतंत्रपणे तपासायचं आणि दोघांच्या सह्या पडल्याशिवाय विमान सोडायचं नाही. पुढे पस्तीस वर्षं मी याच कामात काढली आणि कितीही सराईत झालो तरी ती दुसरी सही मला कधी अपमानाची वाटली नाही. आज जे मांडतोय त्याचं मूळ त्या चौथ्या बोल्टमध्ये आहे. घरी, गच्चीवर, पार्किंगमध्ये स्वतःच्या हातांनी छोटी विमानं बनवणाऱ्यांचा दरवर्षी एक मेळावा महाराष्ट्रात भरला पाहिजे. तो एखाद्या लहान धावपट्टीवर, सरकारी परवानगीने आणि तपासनिसांच्या देखरेखीखाली व्हावा. ही मागणी मी हौशी लोकांच्या आनंदासाठी करत नाही. त्यांच्या जिवासाठी आणि ज्यांच्या डोक्यावरून ते उडतील त्यांच्या जिवासाठी करतो.

असे मेळावे जगात नवे नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली घरी विमानं बनवणाऱ्यांची संघटना काढली. १९७०पासून तिचा मेळावा ऑशकॉश या लहानशा शहरात भरतो. जुलैच्या अखेरीस त्या आठवड्यात तिथे आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. लोक विमानाच्या पंखाखालीच तंबू ठोकून राहतात. तिथल्या कायद्याप्रमाणे विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंदासाठी केलेलं असावं लागतं. विमानावर ‘एक्सपेरिमेंटल’ असं ठळक लिहावं लागतं आणि सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरलेल्या, विरळ वस्तीच्या भागातच उडवावं लागतं.

पण ऑशकॉशचं मला खरं महत्त्व वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिथे माणूस स्वतःच्या विमानाचं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून ठेवतो आणि अनोळखी लोक येऊन आत डोकावतात. इंधनाची नळी एक्झॉस्टच्या फार जवळून गेली आहे, ही वायर घासते आहे, हा क्लॅम्प उलटा बसलाय, असं तोंडावर सांगतात. रिव्हेट मारायला, कापड ताणायला, वेल्डिंग करायला शिकवणारे मांडव असतात. वर्षभर या संघटनेचे अनुभवी स्वयंसेवक बनवणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धवट सांगाडा पाहून येतात. माझ्या सीनियरनी पहाटे साडेचारला जे केलं, ते तिथे शेकडो लोक दिवसाउजेडी एकमेकांसाठी करतात.

तरीही एवढ्याने भागत नाही, हे सांगितलं नाही तर मी अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. बर्ट रुटान यांनी आखलेलं लाँग-ईझी हे घरी बनवायच्या विमानांमधलं फार गाजलेलं विमान. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर नुकतंच विकत घेतलेलं असंच एक लाँग-ईझी घेऊन कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागरावर उडाले आणि समुद्रात कोसळून मरण पावले. मूळ आराखड्यात एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर जाण्याचा इंधनाचा कॉक वैमानिकाच्या हाताशी, दोन पायांच्या मध्ये असतो. ज्याने हे विमान बनवलं त्याने तो हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. इंधन कमी, कॉक मागे, तो फिरवायला वळावं तर विमानावरचा ताबा सुटतो. तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. उड्डाणाआधी डेन्व्हर आणि एक टेक्निशियन याच कॉकविषयी बोलले होते. हात पोचत नाही म्हणून पकड लावून दांडा लांबवायचा प्रयत्नही झाला होता आणि तो जमला नव्हता.

मी टेक्निशियन असल्यामुळे हा तपशील मला फार लागतो. दोष दिसला होता, दोघांना दिसला होता, आणि तरी विमान उडालं. दुसरे डोळे हजर होते, पण विमान थांबवायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. म्हणून आपल्याकडे नुसता हौशी मेळावा नको. मला ब्रिटिश पद्धत जास्त पटते. तिथे १९४६पासून हौशी वैमानिकांची संघटना आहे. तिने नेमलेले तपासनीस बांधणीच्या टप्प्याटप्प्यावर येऊन सही करतात आणि त्या सहीवाचून उडण्याचा परवाना मिळत नाही. परवाना दरवर्षी नवा करावा लागतो. सरकारने काम संघटनेकडे सोपवलंय, डोळेझाक मात्र केलेली नाही.

अमेरिकेतही पुढे आकड्यांवरून शहाणपण आलं. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली घरी बनवलेल्या विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास केला. कारखान्यातल्या छोट्या विमानांपेक्षा यांचं अपघाताचं प्रमाण जास्त असल्याचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं ही मुख्य कारणं होती. विकत घेतलेल्या जुन्या विमानातलं नव्या मालकाचं पहिलं उड्डाण विशेष धोक्याचं ठरत होतं. आधीच्या नियमाप्रमाणे चाचणीच्या तासांत वैमानिकाने एकट्यानेच बसायचं असे. २०१४मध्ये ती पद्धत बदलून अनुभवी माणसाला शेजारी बसवायची मुभा दिली गेली.

याच लाँग-ईझीची दुसरी गोष्ट आपल्या देशातली आहे. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये ऐंशीच्या दशकात शास्त्रज्ञांनी फायबर आणि इपॉक्सीची विमानबांधणी शिकायची ठरवली, तेव्हा त्यांनी रुटान यांचा हाच आराखडा घेतला. त्यावरून बनवलेलं संशोधन विमान १९८७मध्ये उडालं. पुढे १९९३मध्ये त्याच प्रयोगशाळेचं हंसा हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आकाशात गेलं. राष्ट्रीय प्रयोगशाळेने हौशी माणसाच्या गॅरेजसाठी आखलेल्या विमानावर हात बसवले, यात मला काही कमीपणा वाटत नाही. विमान बनवायला शिकायचं तर आधी लहान विमान बनवावं लागतं. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतल्या गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकून आले आणि त्यांच्या हाताखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये १९५१ साली एचटी-२ आणि १९५८ साली फ्लाइंग क्लबांसाठीचं पुष्पक उडालं. आज आपण कुठे आहोत? २०२३ या एका वर्षात आपल्या दोन कंपन्यांनी मिळून ९७० प्रवासी विमानं मागवली. एअर इंडियाने ४७०, इंडिगोने ५००. त्यातलं एकही विमान आपल्या आराखड्याचं नाही.

आणि मुंबईत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. फेब्रुवारी २०१६मध्ये ते क्रेनने उतरवून बीकेसीच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं तेव्हा मीही पाहायला गेलो होतो. लोक फोटो काढत होते. मी खाली वाकून रिव्हेटच्या ओळी पाहत होतो. नंतर नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं, उडण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९मध्ये मिळाली आणि २०२०मध्ये धुळ्याला चाचणी उड्डाण झालं. मुख्यमंत्र्यांनी आणि पंतप्रधानांनी लक्ष घातल्यामुळे हे झालं, असं सगळे कौतुकाने सांगतात. मला त्यात काळजीचं कारण दिसतं. ज्याच्या पाठीशी मुख्यमंत्री नाही त्याने काय करायचं? तो विमान बनवायचं सोडत नाही. गाजावाजा न करता, चोरून बनवतो. मग त्याची स्प्लिट पिन राहिली तर ती कुणाच्या बोटाला लागणार?

इथे कुणीतरी हमखास गिरगाव चौपाटीचं नाव काढतं. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५मध्ये तिथे विमान उडवलं, असं लहानपणापासून ऐकत आलोय. त्याला विश्वासार्ह पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या संस्कृत ग्रंथाचा आधार दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ साली सांगितलं आहे. मला वाईट याचं वाटतं की चौपाटीच्या आख्यायिकेवर आपण तासन्‌तास बोलतो आणि चारकोपच्या गच्चीवर जे डोळ्यांनी दिसलं त्यासाठी एक साधा तपासनीस नेमत नाही.

मेळावा कुठे भरवायचा, यावर मित्रांशी माझे वाद होतात. पार्ल्यात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांचा जीव जुहूत अडकलेला. भारतातला हा पहिला नागरी विमानतळ, १९२८चा. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ या छोट्या विमानातून इथेच उतरले. त्यामुळे मेळावा जुहूलाच हवा, असं म्हणणारे बरेच आहेत. मी ठाम विरोधात आहे. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी इतकी जवळ आहे की १९५३मध्ये एक कॉमेट आणि १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ अशी मोठी प्रवासी जेट विमानं चुकून जुहूलाच उतरली होती. चारी बाजूंनी इमारती, हेलिकॉप्टरांची सततची ये-जा, वर मोठ्या विमानांची रांग. पहिल्यांदाच उडणाऱ्या विमानाचं इंजिन टेकऑफनंतर बंद पडलं तर उतरायला मैदान नाही. शहरात पॅराग्लायडर आणि ड्रोनवर पोलीस मनाई हुकूम काढतात, ते मला योग्यच वाटतं. इतिहासाच्या प्रेमापायी पार्ल्यातल्या लोकांच्या छपरांवर प्रयोग करायचा हक्क आपल्याला नाही.

नवी जमीन घेऊन धावपट्टी बांधण्यालाही माझा तितकाच विरोध आहे. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत मिळावी म्हणून तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भांडताहेत. २०१७मध्ये तिथे पेटलेलं आंदोलन आपण पाहिलंय. छंदासाठी एक गुंठाही कुणाचा घेऊ नये.

त्याची गरजही नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरवर धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे. भोवती मोकळं रान. मुंबईच्या फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण तिथे चालतं आणि यादव यांचं विमानही तिथेच उडालं. विमानं मुंबई-ठाण्याच्या पार्किंगमध्ये बनोत, उडावीत मात्र तिथे. वेळ जानेवारीची ठेवावी. मे महिन्यात धुळ्याची हवा इतकी तापते की ती विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनही दमतं.

“पण विमानं येणार कुठून? सबंध राज्यात चार तरी असतील का?” असं एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं. बरोबर आहे. पहिली काही वर्षं उडत फारसं कुणी येणार नाही. विमानं टेम्पोतून येतील. कुणी एक पंख आणेल, कुणी नुसती शेपटी, कुणी फळीवर बांधलेलं इंजिन. आणि मला तेच हवं आहे. पंखावर कापड चढवण्याआधी, पत्र्याची शेवटची बाजू बंद करण्याआधी सांगाडा तपासावा लागतो, कारण एकदा झाकलं की आतली चूक कुणाला दिसत नाही. अर्धवट विमानांचा मेळावा पुऱ्या विमानांच्या मेळाव्यापेक्षा जास्त जीव वाचवेल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) तिथे दोन-चार निवृत्त परवानाधारक इंजिनियरांना तपासनीस म्हणून अधिकार द्यावेत, त्यांच्या सहीला कायद्याची किंमत द्यावी आणि नापास करण्याचा हक्कही द्यावा. शहरात माझ्यासारखी कितीतरी माणसं बसून आहेत. मानधन नाही मिळालं तरी आम्ही जाऊ.

हा श्रीमंतांचा शौक आहे, त्यात सरकारने का पडावं, असाही एक सूर आहे. इंजिनाला लाखो रुपये पडतात, हे खरं. पण दहा जणांनी मिळून एक विमान बनवणं जगभर चालतं, आणि भिशी चालवणाऱ्या, सोसायट्या उभारणाऱ्या मराठी माणसाला वर्गणीचं गणित शिकवायला नको. सरकारकडून मी पैसे मागत नाही. असलेली धावपट्टी वर्षातून तीन दिवस, भाडं घेऊन द्यावी. धोक्याचं म्हणाल तर दहीहंडीतही माणसं पडतात. आपण ती बंद केली नाही, वयाची अट घातली, विमा आणला, सुरक्षा दोर आणला. सरकारला सुटसुटीत नियम करता येत नाहीत असंही नाही. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांत २५ फॉर्मचे ५ झाले आणि देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या, लाल भागांत वाटून कुठे परवानगी लागते, कुठे नाही, ते स्पष्ट केलं गेलं. १९३४च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५पासून लागू झाला. विमानाचा आराखडा आणि निर्मिती दोन्ही त्याच्या कक्षेत आहेत. त्याच्याखाली हौशी बांधणीसाठी वेगळं प्रकरण आणि अधिकृत तपासनिसांची तरतूद व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी खाली पार्किंगमध्ये लाकडी पंखाच्या बरगड्या बनवतात. प्लायवूडच्या फळीवर बरगडीचा आकार काढून त्यावर खिळे ठोकलेत. त्या खिळ्यांच्या मध्ये बारीक पट्ट्या वाकवून बसवायच्या, सांध्यावर पातळ प्लायचे तुकडे इपॉक्सीने चिकटवायचे आणि रात्रभर तसंच ठेवायचं. मी तिला शिकवलं की इपॉक्सीच्या प्रत्येक घाण्याबरोबर एक नमुन्याचा सांधा चिकटवून दुसऱ्या दिवशी मोडून पाहायचा. लाकूड फाटलं तर सांधा चांगला. चिकटवलेली जागा स्वच्छ सुटली, तर त्या घाण्याच्या सगळ्या बरगड्या बाद.

जुलैत तिने सहा नमुने माझ्यासमोर व्हाइसमध्ये धरून मोडले. पाच वेळा लाकूड फाटलं. सहावा इपॉक्सीच्या रेषेवर अलगद सुटला, आतला थर चकचकीत आणि किंचित चिकट. त्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि लाकूड दमट होतं. तिने त्या घाण्याच्या दोन बरगड्या माझ्या देखत मोडल्या आणि वहीत तारीख, हवामान आणि कारण लिहिलं. मग पान माझ्यापुढे केलं. “काका, इथे सही करा.”

मी केली. माझ्या लायसन्सची मुदत संपली आहे, त्यामुळे त्या सहीला कायद्यात काही किंमत नाही, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि वही पिशवीत ठेवली. बरगड्या अकरा झाल्या आहेत, बावीस लागतात. तयार झालेल्या पार्किंगच्या मागच्या भिंतीला, पाणी लागणार नाही अशा उंचीवर, खिळ्यांना टांगलेल्या आहेत.